ओघळ पुसू नका!

समोर कॅनव्हासवर नुसते रंग आहेत आणि शेजारचा मित्र कानात विचारतोय, ‘हे नेमकं काय आहे?’ अशा वेळी मान डोलवायची, की ‘आपल्याला नाही कळत बुवा’ म्हणून कॅफेटेरियाकडे वळायचं? पिंप्राळ्याच्या एका बोर्ड पेंटरनं दाखवलेला हा तिसरा रस्ता.

आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनला एक चित्र आहे. सोफ्याच्या मागे, चांगलं पाच फूट रुंद. निळे फराटे, मधेच नारिंगी शिंतोडे आणि एका कोपऱ्यात काळा गोळा. इंटिरिअरवाल्यानं सोफ्याच्या कापडाला मॅच होईल असं बघून ते मागवलं होतं. नवीन जॉइन झालेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात त्याच्यासमोर उभा राहून एकच डायलॉग मारतो, ‘हे तर मी पण काढेन!’ आम्ही सगळे हसतो. मी तर त्या काळ्या गोळ्याचं बारसंच केलं होतं : ‘सोमवार सकाळ’.

पण क्लायंट आला की माझाच सूर बदलायचा. ‘व्हॉट एनर्जी, ना?’ हे वाक्य मी त्या चित्राकडे हात करून निदान दहा वेळा तरी फेकलं असेल. समोरचाही ‘अ‍ॅब्सोल्युटली!’ म्हणायचा आणि आम्ही दोघंही सुटल्यासारखे लिफ्टकडे निघायचो.

आज विचार करतो तेव्हा वाटतं, ‘मी पण काढेन’ आणि ‘काय एनर्जी आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच माळेचे मणी. दोन्ही म्हटली की चित्राकडे बघावं लागत नाही. कॉलेजात, ऑफिसात, प्रदर्शनाच्या उद्घाटनाला फुकटचा चहा पिताना आपण सगळे याच दोन वाक्यांवर निभावून नेतो. मला यातून बाहेर काढलं ते माझ्या वडिलांनी. त्यांनी आयुष्यात ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिझम’ हा शब्द ऐकलेला नव्हता. आज ऐकवला तरी ते म्हणतील, एवढा मोठा शब्द पाटीवर मावायचा कसा?

चिंधीवाला पोरगा

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पिंप्राळ्याचे. पिंप्राळा आता जळगाव महापालिकेत आहे, पण आमच्या घरी जळगावात जाणं म्हणजे अजूनही ‘शहरात जाणं’. आषाढी एकादशीला आमच्याकडे विठ्ठलाचा रथ निघतो. बाकी वर्षभर रेल्वे गेट पडलं की थांबायचं, ही माझ्या लहानपणीची पिंप्राळ्याची ओळख.

आप्पांनी पस्तीस वर्षं बोर्ड रंगवले. किराणा दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, केळीच्या ट्रकचे फाळके, निवडणुकीच्या भिंती. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर. माझं काम एकच : टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी घेऊन शिडीखाली उभं राहायचं. एनॅमल रंग जरा पातळ झाला की अक्षराच्या पायातून खाली ओघळतो. तो ओघळ वाळायच्या आत पुसायचा. एक जरी राहिला तरी गिऱ्हाईक पैसे कापतं. ‘ओघळ दिसला की पेंटर कच्चा,’ हा आप्पांचा पहिला नियम. दुसरा नियम नव्हताच.

मग दोन हजारच्या दशकात फ्लेक्स आला. एका रात्रीत बोर्ड तयार, त्यावर मालकाचा फोटोसुद्धा! एकेक दुकान गेलं. आप्पांनी फारशी कुरकुर केली नाही. ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवले आणि डबा माळ्यावर टाकला. मी तेव्हा मुंबईत नोकरीला लागलो होतो. त्यांच्या कामाचं काय झालं, हे मी नीटसं कधी विचारलं नाही. ऑफिसात ‘वडील काय करतात?’ असं कुणी विचारलं की मी ‘बिझनेस’ म्हणायचो. हेही सांगून टाकतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

एक डोळा जुना, एक नवा

गेल्या वर्षी आप्पांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना मुंबईला आणलं. दोन्ही डोळ्यांत होता. आधी उजवा केला, डावा काही आठवड्यांनी करायचा ठरलं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ तर होतंच, शिवाय हळूहळू पिवळट-तपकिरी होत जातं. त्या गाळणीतून निळा-जांभळा रंग पुरता आत येतच नाही. बदल वर्षानुवर्षं होत असल्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याचीही हीच गत झाली होती. १९१२ मध्ये त्याला मोतीबिंदू असल्याचं निदान झालं आणि ऑपरेशन झालं थेट १९२३ मध्ये. मधल्या वर्षांत त्याच्या बागेच्या चित्रांतले लाल-तपकिरी रंग अंगावर येतात, ते काही उगाच नाही.

पट्टी निघाल्यावर आप्पा पहिलं वाक्य बोलले, ‘अरे, तुझा शर्ट निळा आहे होय?’ मग दोन दिवस त्यांचा एकच खेळ. कधी हा डोळा झाक, कधी तो. बादली, पडदा, दुधाची पिशवी, सगळं दोनदा बघायचं.

रविवारी कुठंतरी फिरवून आणायचं म्हणून मी त्यांना काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घेऊन गेलो. डोक्यात होतं मूर्ती, तलवारी, नाणी असं काहीतरी. त्याच इमारतीत जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाची गॅलरी आहे. आधुनिक भारतीय चित्रं. आप्पांचे पाय दुखायला लागले होते आणि तिथे एसी होता, म्हणून आम्ही आत शिरलो.

आणि समोर वासुदेव गायतोंडे.

उंच, उभा कॅनव्हास. पिवळट मातीसारखा रंग. मधेच काही गडद आकार तरंगल्यासारखे, जणू पाण्याखाली काहीतरी पडलंय आणि आपण वरून बघतोय. ना माणूस, ना झाड, ना घर. माझ्या पोटात गोळाच आला. आता आप्पा ‘हे काय आहे?’ म्हणून विचारणार, तेही खणखणीत आवाजात, आणि आजूबाजूचे ते कॉटनचे कुर्ते मागे वळून बघणार. मी उत्तराची जुळवाजुळव करायला लागलो.

आप्पांनी विचारलंच. पण विचारलं ते हे : ‘किती हात असतील रे?’

रंगाच्या धंद्यात ‘हात’ म्हणजे थर. पहिला हात, दुसरा हात. आप्पा चित्राच्या जवळ गेले (गार्डनं लगेच घसा खाकरला), बाजूनं, तिरपं बघायला लागले. पाटीवर उजेड कसा पडतो ते बघायची पेंटर लोकांची ही सवय. ‘ब्रशचं काम नाही हे. रोलर फिरवलाय. अन् इथं बघ, वरचा हात पुरता वाळू दिला नाही, तेवढ्यात खरवडलाय. इथं मात्र वाळू दिलाय. बसून राहिला असेल नुसता. एका बैठकीचं काम नाही हे, भो.’

मग त्यांनी डावा डोळा झाकला. मग उजवा. परत डावा. ‘खाली हिरवा आहे,’ ते म्हणाले. ‘नव्या डोळ्याला दिसतोय. जुन्याला सगळं चहाच्या पाण्यासारखं एकच.’

मी दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं. मला हिरवा दिसला नाही. पाच मिनिटं उभा राहिलो, तेव्हा कुठे दिसला.

गायतोंडे नावाचा सावकाश माणूस

घरी येऊन मी गायतोंड्यांविषयी वाचायला लागलो आणि चाटच पडलो. आप्पांचं निदान जवळजवळ शंभर टक्के बरोबर होतं. गायतोंडे खरोखरच रोलर वापरायचे, पॅलेट नाइफनं रंग खरवडायचे, कागदाचे कपटे वापरून रंग ठेवायचे नि उचलायचे. एका थरावर दुसरा, त्यातून पहिला थोडा वर येऊ द्यायचा. चित्र सुरू करण्याआधी ते बराच काळ नुसते बसून असत. त्यामुळे वर्षाकाठी चित्रं मोजकीच व्हायची.

त्यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. घराणं गोव्याकडचं, बालपण गिरगावातल्या चाळीत. १९४८ मध्ये जे.जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. सुरुवातीला माणसं, आकार, रेषा सगळं त्यांच्या चित्रात होतं. पन्नासच्या दशकात ते हळूहळू गळत गेलं. १९६४ साली रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या अमूर्त चित्रांचं जग त्यांनी जवळून पाहिलं. पण एक लक्षात घ्या, आकार सोडून रंगाकडे ते त्याआधीच वळले होते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्यांचं चित्र १९६३ मध्येच घेतलं होतं. म्हणजे ‘अमेरिकेत बघून आला आणि सुरू झाला’ असा हा मामला नाही. आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणणंही त्यांना फारसं पटायचं नाही. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठल्याही वस्तूवर न बेतलेलं, हा शब्द त्यांना जवळचा. अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त होतं आणि ते पुसलं, असं वाटतं. इथे आधी काही नव्हतंच.

१९८४ मध्ये अपघातात त्यांच्या मणक्याला इजा झाली आणि मोठ्या कॅनव्हासचं काम काही वर्षं थांबलं. २००१ मध्ये दिल्लीत ते गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये, मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं होतं. हा आकडा आप्पांना सांगितला. ते गप्प बसले. मग म्हणाले, ‘हाताला किती पडले म्हणजे?’

डाव्या हातात चिंधी नाही

आता थोडं सातासमुद्रापार. कारण ‘सांडलेले रंग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते न्यूयॉर्कवालेच.

दुसरं महायुद्ध संपलं, युरोप बेचिराख झाला होता आणि कलेचं केंद्र पॅरिसहून न्यूयॉर्ककडे सरकत होतं. तिथल्या काही चित्रकारांना १९४६ मध्ये एका समीक्षकानं ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिस्ट’ असं लेबल लावलं. त्यांतला सर्वांत गाजलेला जॅक्सन पोलॉक. १९४७ पासून त्यानं कॅनव्हास स्टँडवरून उतरवून सरळ जमिनीवर पसरला. काठीनं, वाळून कडक झालेल्या ब्रशनं तो वरून रंग टाकायचा. रंग कुठला? तर घरांना, दारा-खिडक्यांना लावायचा साधा एनॅमल! म्हणजे आप्पांच्या डब्यातलाच माल. त्याला हा रंग हवा होता, कारण तो धारेसारखा वाहतो. लांबच लांब, न तुटता.

हान्स नामुथ या छायाचित्रकारानं १९५० मध्ये पोलॉकची काम करतानाची फिल्म काढली. ती मी आप्पांना मोबाइलवर दाखवली. मला वाटलं, हसतील. त्यांनी फोन हातात घेतला, जवळ धरला. ‘मनगट हलत नाही याचं. खांद्यातून काम आहे. मोठ्या भिंतीवर आम्ही असंच करायचो.’ आणि मग एकदम म्हणाले, ‘याच्या डाव्या हातात चिंधी नाही रे!’

खरंच की. डाव्या हातात डबा होता.

मला वाटतं, या सगळ्या चित्रांचा फंडा त्या एका वाक्यात आहे. पोलॉक स्वतः म्हणायचा की त्याच्या चित्रात अपघात असा नाही, रंगाचा ओघ त्याच्या ताब्यात असतो. रंग किती पातळ, काठी किती उंचीवर, हात किती वेगात, हे त्याला वर्षानुवर्षांच्या सवयीनं माहीत होतं. पण एकदा धार पडली की पडली. ती पुसायची नाही, पुढची धार तिच्याकडे बघून टाकायची. उत्स्फूर्त म्हणजे मनाला येईल तसं नव्हे. उत्स्फूर्त म्हणजे झालेलं न लपवता त्याच्यापुढे जाणं.

आणि काही वेळा तर ‘झटक्यात’ दिसणारं झटक्यात नसतंच! फ्रान्झ क्लाइनची काळी-पांढरी चित्रं बघा. वाटतं, एका दमात दोन-चार फटकारे मारून गडी घरी गेला. प्रत्यक्षात तो टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांवर छोटी स्केचेस करायचा, प्रोजेक्टरनं ती मोठी करून पाहायचा आणि त्यातून मोठं चित्र उभं करायचा. म्हणजे आपलं ते प्रेझेंटेशन असतं ना, सहज बोलल्यासारखं वाटणारं? आदल्या रात्री आरशासमोर तीनदा केलेलं असतं. तसंच.

रंगाची गोष्ट वेगळी. मार्क रॉथ्कोच्या चित्रांत रंगाचे दोन-तीन मोठे चौकोन असतात, कडा धूसर. त्यानं अगदी पातळ थर एकावर एक दिले, त्यामुळे तो रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. ही चित्रं लोकांनी अगदी जवळ उभं राहून पाहावीत अशी त्याची इच्छा असे. आपल्याला रंगांच्या जुळणीत रस नाही, माणसाच्या मूळ भावनांत आहे, असं तो सांगायचा. हेलन फ्रँकेंथेलरनं १९५२ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, अस्तर न दिलेल्या कोऱ्या कापडावर पातळ केलेला तैलरंग ओतला. कापडानं तो शाईसारखा पिऊन टाकला. आप्पांच्या भाषेत, प्रायमर न मारता रंग लावायचा गुन्हा! पण त्या ‘माउंटन्स अँड सी’ या चित्रामुळे अनेक चित्रकारांचे डोळे उघडले. अस्तर नाही म्हणून रंग कापडावर बसला नाही, तो कापडात गेला.

‘मी पण काढेन’वाले तिकडेही होतेच. पोलॉकचं १९५२ सालचं ‘ब्लू पोल्स’ ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संग्रहासाठी १९७३ मध्ये १३ लाख डॉलर्सना घेतलं, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी सरकारला धारेवर धरलं होतं. आज ते चित्र त्या संग्रहाची शान आहे.

अकोल्याचा फराटा, आसोद्याचं जातं

हे सगळं परकं वाटत असेल तर जळगावहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसा. भुसावळ सोडलं की काही तासांत अकोला. १९२२ मध्ये तिथे जन्मलेले अंबादास खोब्रागडे, कलाजगतात नुसते ‘अंबादास’, हे आपल्याकडचे उत्स्फूर्त फराट्यांचे बादशहा. जे.जे.मध्ये शिकले. स्वामिनाथन, हिंमत शाह वगैरे मंडळींबरोबर ‘ग्रुप १८९०’ मध्ये होते. या ग्रुपचं एकुलतं एक प्रदर्शन दिल्लीत १९६३ मध्ये झालं. त्याचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं आणि कॅटलॉगला लिहिलं ते ऑक्टाव्हिओ पाझ या मेक्सिकन कवीनं. पुढे अंबादास १९७२ मध्ये नॉर्वेला गेले, ऑस्लोचेच झाले. २०१२ मध्ये तिथेच गेले. त्यांच्या चित्रांत पातळ रंगाचे फराटे वळवळत, एकमेकांना ढकलत जातात. रंग स्वतःच कुठे जायचं ते ठरवतोय आणि चित्रकार त्याच्या मागे चाललाय, असं वाटतं.

आणि अगदीच घरचं उदाहरण हवं असेल तर ते आमच्या शेजारीच आहे. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, काम करता करता गाणं सुचायचं, ओठावर यायचं. मुलगा सोपानदेव आणि घरच्या मंडळींनी त्यातलं जमेल तेवढं टिपून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक आलं. गंमत बघा, त्याच १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॅरॉल्ड रोझेनबर्ग हा समीक्षक लिहीत होता की या नव्या चित्रकारांसाठी कॅनव्हास म्हणजे चित्र काढायची जागा नव्हे, काहीतरी करायचं मैदान आहे. त्यानं शब्द दिला ‘अ‍ॅक्शन पेंटिंग’. त्याला पिंप्राळ्याहून आसोद्याला नेऊन जात्यासमोर बसवायला हवं होतं! हात फिरतोय, पीठ पडतंय आणि ओळ त्या फिरण्यातूनच निघतेय. तिला खोडून दुसरी लिहायला कागदच नाही. बहिणाबाईंना कुणी ‘हे तर मी पण करेन’ म्हटल्याचं आपण ऐकलेलं नाही. कारण त्या ओळीमागे जन्मभराचं बघणं आहे हे आपल्याला कानाला कळतं. डोळ्याला ते कळायला थोडा वेळ द्यावा लागतो, एवढंच.

आपली अडचण मला तरी सवयीची वाटते. शाळेत असताना आमची सहल अजिंठ्याला जायची, जळगावहून साठेक किलोमीटरवर. सर प्रत्येक भिंतीसमोर उभं करून गोष्ट सांगायचे : हा बोधिसत्त्व, ही राणी, हा हत्ती. त्या गोष्टी छानच होत्या. पण चित्र म्हणजे गोष्ट, हे डोक्यात पक्कं बसलं. मग जिथे गोष्ट नसते तिथे आपण ढगात हत्ती शोधावा तसा शोधत बसतो आणि सापडला नाही की चिडतो.

बघायचं कसं? (आप्पांच्या सल्ल्यानुसार)

१. ‘काय आहे?’ऐवजी ‘कसं केलंय?’ विचारा. ब्रश, रोलर, सुरी, की ओतलंय? कुठला रंग आधी, कुठला नंतर? किती हात? याचं उत्तर चित्रातच असतं, त्यासाठी कलेचा इतिहास पाठ असावा लागत नाही.

२. बाजूनं बघा. तिरप्या उजेडात रंगाची जाडी, खरवडलेल्या जागा, थांबलेला हात दिसतो. गार्ड खाकरला तर एक पाऊल मागे या. हात मात्र लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

३. एका चित्राला पाच मिनिटं द्या. घड्याळ लावून. पहिल्या मिनिटात कंटाळा येतो, दुसऱ्यात फोन आठवतो, तिसऱ्यापासून रंग हलायला लागतात. डोळ्यांना जवळजवळच्या शेड्स वेगळ्या करायला वेळ लागतो. अंधाऱ्या थिएटरात शिरल्यावर लागतो तसाच.

४. फोटोवर विश्वास ठेवू नका. मोबाइलच्या स्क्रीनवर सहा फुटी चित्र बोटभर होतं आणि थर दिसत नाहीत. काळा घोड्याला एनजीएमए आहे, जहांगीर आर्ट गॅलरी आहे. जहांगीर १९५२ पासून उभी आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. लंच टाइममध्ये जाऊन येण्यासारखं.

५. न आवडण्याचा हक्क राखून ठेवा. पण काय आवडलं नाही ते सांगता आलं पाहिजे.

हा पाचवा मुद्दा आप्पांकडून आलाय. त्यांना पोलॉक आवडत नाही. अजूनही नाही. ‘घाई करून राहिला तो,’ म्हणतात. ‘वाळू देत नाही.’ गायतोंडे त्यांना आवडतात कारण तो माणूस थांबतो. माझं उलटं आहे. दिवसभर एक्सेलच्या चौकटीत काम करणाऱ्या, मेल पाठवण्याआधी चार वेळा वाचणाऱ्या माझ्यासारख्याला पोलॉकची ती न पुसलेली धार बघून आत कुठेतरी मोकळं होतं. यावर आमचं दोघांचं फोनवर भांडण चालतं. बाप-लेक म्हणून आम्ही याआधी इतके कधी बोललो नव्हतो.

वाळला होता

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर, पिंप्राळ्याला परतण्याआधी आप्पांनी एकच हट्ट धरला, ‘त्या पिवळ्या चित्राकडे चल.’ गेलो. या वेळी डोळा झाकायची गरज नव्हती. ते बराच वेळ उभे होते. एका कॉलेजच्या मुलीनं त्यांना विचारलं, ‘काका, तुम्ही आर्टिस्ट आहात का?’ आप्पा गडबडले. उत्तर मी दिलं, ‘पेंटर आहेत. पस्तीस वर्षं.’ ‘बिझनेस’ नाही म्हणालो.

सोमवारी ऑफिसात रिसेप्शनच्या चित्रासमोर थांबलो. तिरपं बघितलं. गुळगुळीत. निळ्या फराट्यावर नारिंगी शिंतोडे, पण दोघांची उंची एकच. फराटा कधी मारला, शिंतोडा कधी पडला, काहीच कळत नाही, कारण दोन्ही एकाच वेळी मशिनमधून आले होते. किती हात? एकही नाही. आप्पांचा धंदा बसवला त्या फ्लेक्सचाच हा सुटाबुटातला भाऊ. क्लायंटला ‘व्हॉट एनर्जी’ म्हणणं मी तेव्हापासून बंद केलंय. कुणी विचारलंच तर सांगतो, हे प्रिंट आहे, खरं बघायचं असेल तर काळा घोड्याला चला. दोघं जण आलेही.

आषाढीच्या आधी आप्पांचा फोन आला. माळ्यावरचा डबा काढला होता. ब्रश कडक झाले होते, त्यातला एक कामाचा निघाला. घराचं लोखंडी फाटक रंगवलं, निळं.

‘कसं झालं?’

‘चांगलं झालं. एक ओघळ राहिला.’

‘तुम्ही? पुसला नाही?’

‘वाळला होता.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘गिऱ्हाइकाची पाटी असती तर खरवडून काढला असता. घरचं आहे, राहू दे म्हटलं.’